गमावून जिंकणारी बुरशी

बदलापूर सुटलं की कर्जत लोकलच्या खिडकीतून भातखाचरं दिसू लागतात. पावसाळ्यात झड लागली, आभाळ उघडेना, पानं दिवसभर ओलीच राहिली, की भात लावणाऱ्याच्या मनात करप्याची धास्ती येते. पानांवर दोन्ही टोकांना निमुळते ठिपके पडतात, मधे राखाडी, कडेला तपकिरी. रोग लोंबीच्या मानेला लागला तर दाणा भरतच नाही. करप्यापायी जगात दर वर्षी जेवढा तांदूळ जातो, त्यात सहा कोटी माणसांचं पोट भरेल, असा एक अंदाज आहे.

हा रोग मॅग्नापोर्थे ओरायझी या बुरशीमुळे होतो. तिचा बीजाणू ओल्या पानावर रुजतो आणि टोकाशी एक घुमटाकार पेशी तयार करतो. तिला आतून मेलॅनिनचं अस्तर असतं. आपल्या केसांना काळा रंग देणारं रंगद्रव्यही मेलॅनिनच. पेशीत ग्लिसरॉल साठतं, ते पाणी खेचून घेतं आणि आतला दाब ८ मेगापास्कलपर्यंत चढतो, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे ८० पट! त्या जोरावर एक बारीक खुंटी पानात घुसते. मेलॅनिन बनवणारं जनुक बिघडलं की हा दाब धरला जात नाही आणि बुरशी बाहेरच अडकते. ट्रायसायक्लाझोल हे बुरशीनाशक मेलॅनिनची निर्मितीच रोखतं.

आत शिरल्यावर खरा सामना सुरू होतो. बुरशी झाडाच्या पेशींत इफेक्टर नावाची प्रथिनं सोडते आणि झाडाचा बचाव लुळा पाडते. झाडाकडे त्यावर प्रतिकार जनुकं असतात. ती सोसायटीच्या वॉचमनसारखी. मात्र यातला प्रत्येक वॉचमन एखाददुसराच चेहरा ओळखतो. ओळख पटली की झाड त्या जागेच्या आपल्याच पेशी मारून टाकतं आणि बुरशीची वाट बंद होते.

हे नातं पहिल्यांदा उलगडलं ते जवसावरच्या तांबेऱ्यात, म्हणजे दुसऱ्या एका बुरशीच्या रोगात. १९४० च्या दशकात अमेरिकेत नॉर्थ डकोटामध्ये वनस्पतींच्या रोगांचे अभ्यासक हॅरॉल्ड फ्लोर यांनी जवसाचेही संकर केले आणि तांबेऱ्याच्या बुरशीचेही. झाडाच्या प्रत्येक प्रतिकार जनुकाला बुरशीत एक जोडीदार जनुक असतं, हे त्यांना दिसलं. प्रयोगशाळेत डीएनए वाचता येण्याच्या कितीतरी आधीचं हे काम आहे, आणि मला ते आजही थक्क करतं.

कारण यातून निघणारी गोष्ट अंदाजाच्या अगदी उलटी आहे. रोगकारक ताकद वाढवायला बुरशीला नवं शस्त्र लागतंच असं नाही. झाड ज्याचं प्रथिन ओळखतं ते जोडीदार जनुक टाकून दिलं तरी पुरतं. करप्याच्या बुरशीतलं एव्हीआर-पीटा हे जनुक गुणसूत्राच्या टोकाशी आहे, आणि तिथे उलथापालथ फार. कधी ते अख्खं गळतं, कधी जागा बदलणारा डीएनएचा तुकडा त्यात घुसून ते मोडतो. मग त्याच्यावर नजर ठेवणारं भातातलं जनुक असून नसल्यासारखं.

गव्हाच्या बाबतीत तर आपणच दार उघडून दिलं. ब्राझीलमध्ये आरडब्ल्यूटी३ हे प्रतिकार जनुक नसलेला गहू मोठ्या प्रमाणावर पेरला गेला. गवतावर वाढणाऱ्या याच बुरशीला त्या गव्हावर पाय रोवता आला. १९८५ मध्ये पाराना राज्यात गव्हावर करपा आढळला. पुढे बुरशीतलं पीडब्ल्यूटी३ हे जोडीदार जनुक निकामी झालं आणि प्रतिकार असलेला गहूही तिच्या तावडीत सापडला. २०१६ मध्ये बांगलादेशात सुमारे १५,००० हेक्टरवरच्या गव्हाला करप्यानं ग्रासलं. तिथल्या बुरशीचं जनुकीय नातं थेट दक्षिण अमेरिकेतल्या बुरशीशी जुळलं. पश्चिम बंगालमध्ये नादिया आणि मुर्शिदाबाद जिल्ह्यांत मग काही काळ गहू पेरण्यावर बंदी आली.

म्हणूनच एकाच प्रतिकार जनुकाच्या भरवशावर नवं वाण सोडणं मला धोक्याचं वाटतं. एका वाणात दोन-तीन जनुकं एकत्र आणली, तर ती सगळी चुकवायला बुरशीला तितकेच बदल एकाच वेळी लागतात. दुसरी वाट चीनच्या युनान प्रांतातल्या शेतकऱ्यांनी दाखवली. त्यांनी करप्याला बळी पडणारा चिकट तांदूळ प्रतिकारक संकरित भाताच्या ओळींमध्ये लावला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एकट्यानं लावलेल्या चिकट भातापेक्षा या मिश्र शेतांतल्या चिकट भातावर करपा ९४ टक्के कमी होता. एका वाणावरचे बरेच बीजाणू शेजारच्या, त्यांना ओळखणाऱ्या वाणावर पडून तिथेच संपत होते. दोन वर्षांच्या त्या कार्यक्रमाच्या अखेरीस शेतकऱ्यांनी बुरशीनाशकाची फवारणी थांबवली होती.