स्पेलिंग बी आणि गृहशिक्षित स्पर्धक

इंग्रजी शब्दांची अक्षरे क्रमाने व बिनचूक तोंडी सांगण्याची, मुख्यतः अमेरिकेतील शालेय स्पर्धा. शाळेत न जाता घरीच शिकणाऱ्या (होमस्कूल) मुलांचे शैक्षणिक स्पर्धांतील यश विसाव्या शतकाच्या अखेरीस ठळकपणे नजरेत आले, ते प्रामुख्याने या स्पर्धेमुळे.

नावातील ‘बी’ म्हणजे मधमाशी, हा समज जुना आहे. मात्र शेजाऱ्यांनी जमून एखाद्याचे काम उरकण्याला अमेरिकेत ‘बी’ म्हणत. आपल्याकडील इर्जिकीशी या प्रथेचे नाते सहज जुळते. सूतकताईच्या ‘बी’चा छापील उल्लेख १७६९ मधील आहे, तर मक्याची कणसे सोलण्याच्या ‘बी’चा १८१६ मधील. पोळ्यातील माश्यांप्रमाणे माणसे एकत्र खपतात म्हणून हे नाव पडले, असे एक मत. दुसऱ्या मतानुसार मध्ययुगीन इंग्रजीतील ‘बेन’ (प्रार्थना, पुढे शेजाऱ्यांनी आपखुशीने केलेली मदत) या शब्दाचे बोलीतील रूप घासून ‘बी’ झाले असावे. अर्थाचा सांधा पाहता हे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘स्पेलिंग बी’ या जोडशब्दासाठी १८७५ चा दाखला बहुधा दिला जातो. बोलण्यात तो त्याआधीपासून असावा.

राष्ट्रीय स्पर्धा १९२५ मध्ये नऊ वृत्तपत्रांच्या सहभागाने वॉशिंग्टन येथे सुरू झाली. १९४१ मध्ये ती स्क्रिप्स-हॉवर्ड या वृत्तपत्रसमूहाकडे आली. महायुद्धामुळे १९४३–४५ या काळात आणि साथीमुळे २०२० मध्ये ती झाली नाही. स्पर्धक आठवीच्या पुढे गेलेला नसावा, असा नियम आहे. इयत्तांची चौकट न मानणाऱ्या घरांनाही येथे इयत्ता सांगावीच लागते.

ब्रुकलिनची रिबेका सीलफॉन ही १९९७ मधील विजेती पहिली गृहशिक्षित विजेती मानली जाते. तिचा अखेरचा शब्द ‘यूअनिम’, म्हणजे समर्पक नाव. २००० मध्ये पहिले तिन्ही क्रमांक गृहशिक्षित मुलांनी मिळवले. विजेता जॉर्ज अब्राहम थाम्पी त्याच वर्षी राष्ट्रीय भूगोल स्पर्धेत दुसरा आला होता. १९९९ च्या सरकारी अंदाजानुसार अमेरिकेत घरी शिकणारी मुले सु. ८.५ लाख, म्हणजे शालेय वयाच्या मुलांच्या १.७ टक्के होती. त्या मानाने हे यश मोठे दिसते. मात्र स्पर्धेला उतरणारे स्वतःहून पुढे आलेले असतात. त्यावरून सर्व गृहशिक्षितांची गुणवत्ता मोजणे सयुक्तिक नाही. वेळापत्रक हाती असल्याने एकाच विषयाला दिवसाचे अनेक तास देता येतात, हे कारण अधिक पटण्याजोगे आहे. २००७ चा विजेता इव्हान ओडॉर्नी पुढे आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये पदकविजेता ठरला. झायला आवाँ-गार्द (२०२१) हीदेखील गृहशिक्षित.

भारतात मुंबईची गृहशिक्षित मालविका राज जोशी हिने आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडमध्ये दोन रौप्य व एक कांस्य पदक मिळवले. दहावी-बारावीच्या प्रमाणपत्रांविना तिला २०१६ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्रवेश मिळाला. बारावी नसल्याने आयआयटीचा मार्ग मात्र बंद होता.