जनहित याचिका आणि विधी सेवा: आशील कोण, हे आधी ठरवा

विधी महाविद्यालयातली मुलं भेटली की एक वाक्य हमखास कानावर येतं : "सर, मला जनहिताचं काम करायचंय. एखादी याचिका चालू असेल तर सांगा ना." बोलणाऱ्याची तळमळ खरी असते, म्हणून मी उत्तराची घाई करत नाही. पण त्या वाक्यात दोन वेगळी कामं एकमेकांत कालवलेली असतात. एक जनहित याचिका. दुसरं विधी सेवा, म्हणजे आपण ज्याला मोफत कायदेशीर मदत म्हणतो ते. महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर दोन्हींची जाहिरात एकाच मथळ्याखाली लागते आणि मुलं एकाच अर्जात दोन्ही लिहितात. या गोंधळाचा फटका विद्यार्थ्याला बसत नाही. तो समोर बसलेल्या माणसाला बसतो. जिल्हा न्यायालयात विधी सेवेच्या पॅनेलवर काम करताना मी हे इतक्यांदा पाहिलं आहे की आता सविस्तर लिहिणंच बरं.

जनहित याचिका तुम्हाला माहीत आहे, तेव्हा ती थोडक्यात. घटनेच्या कलम 32 खाली सर्वोच्च न्यायालयात किंवा कलम 226 खाली उच्च न्यायालयात, स्वतःचं काही नुकसान झालेलं नसतानाही इतरांसाठी दाद मागता येते. 1979 च्या हुसैनआरा खातून प्रकरणामुळे बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षं खटल्याविना पडलेले कच्चे कैदी देशाला दिसले. त्या प्रकरणाचं मूळ वृत्तपत्रातल्या लेखांत होतं, आणि ते लिहिणारे के. एफ. रुस्तमजी हे पोलीस अधिकारी आपल्या नागपूरजवळच्या कामठीचे. 1981 च्या एस. पी. गुप्ता निकालाने साध्या पत्रालाही याचिकेचा मान मिळू शकतो हे पक्कं केलं. आणि ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबईच्या आरेची झाडं रातोरात तोडली जात असताना विधी शाखेच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, त्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या विशेष खंडपीठाने सुट्टीत बसून पुढची तोड थांबवली. मुलांच्या डोक्यात जनहिताचं चित्र असतं ते हेच, आणि ते चुकीचं नाही. मात्र अशी पत्रं क्वचितच फळतात. मुंबई उच्च न्यायालयाचे 2010 पासून जनहित याचिकांसाठी स्वतंत्र नियम आहेत, आणि आपला वैयक्तिक स्वार्थ नाही हे याचिकाकर्त्याला शपथेवर सांगावं लागतं.

विधी सेवेबद्दल मात्र तिसऱ्या वर्षाच्या मुलांनाही फारसं माहीत नसतं. "गरिबाला सरकारी वकील मिळतो" एवढ्यावर गाडी थांबते. या चार शब्दांत दोन चुका आहेत. सरकारी वकील म्हणजे फिर्यादी पक्षाचा वकील. विधी सेवेतून मिळतो तो आरोपीचा किंवा पक्षकाराचा स्वतःचा वकील, ज्याची फी शासन देतं. आणि ही मदत फक्त गरिबालाच मिळते असंही नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 सालचा, अमलात आला 9 नोव्हेंबर 1995 रोजी. त्याचं कलम 12 एकदा शांतपणे वाचा. कोणतीही स्त्री, कोणतंही मूल, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, पूर-दुष्काळ-भूकंप-जातीय अत्याचार यांचे बळी, मानवी तस्करीचे बळी, आणि अटकेत असलेली कोणतीही व्यक्ती या सगळ्यांना उत्पन्न कितीही असलं तरी हक्क आहे. उत्पन्नाची अट उरलेल्यांसाठी आहे, महाराष्ट्रात ती वर्षाला 3 लाख रुपये. तरीही शिबिरांत मुलं बाईला सर्वांत आधी उत्पन्नाचा दाखला मागतात. बाई तहसील कार्यालयात खेटे घालते, पुढच्या वेळी येतच नाही. हे बघून मला दर वेळी वाईट वाटतं, कारण कायद्याने ती अट घातलेलीच नाही.

न्यायालयाचं शुल्क, अर्जाचा नमुना, कुठल्या खिडकीवर काय द्यायचं हे फरक आहेतच. पण ते कार्यालयातला लिपिकही पाच मिनिटांत समजावून देईल. प्रो बोनोचं म्हणाल तर तिथे वकील स्वतःच्या इच्छेने फी सोडतो, विधी सेवेत फी शासन भरतं. एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

जिथे खरोखर पाय घसरतो तो प्रश्न दुसराच आहे. प्रकरण कोणाच्या मालकीचं?

एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयाच्या विधी सेवा केंद्रात एक बाई आली होती. नवऱ्याने घराबाहेर काढलेलं, पदरी दोन मुलं, पोटगीसाठी अर्ज करायचा होता. बोलता बोलता तिने सांगितलं की माहेरच्या गावात नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. टिपण घेणारा विद्यार्थी हुशार आणि मनाने चांगला होता. मी त्याची वही पाहिली तेव्हा पाण्यावर तीन पानं होती आणि पोटगीवर एक ओळ. पुढच्या पंधरवड्यात त्याने पाणीपुरवठा योजनेवर माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, याचिकेचा मसुदा सुरू केला. बाईकडून लग्नाचा पुरावा, मुलांचे जन्मदाखले, नवऱ्याच्या पगाराची माहिती मागायची राहून गेली. ती परत आली आणि माझ्याजवळ येऊन म्हणाली, "वकीलसाहेब, पाण्याचं गाव बघेल. माझं कोण बघणार?"

विधी सेवेत तुमच्यासमोर आशील असतो. त्याचं नाव असतं, तारीख असते, आणि त्याचा शब्द शेवटचा असतो. काय मागायचं, किती ताणायचं, कुठे थांबायचं हे तो ठरवतो. त्याच बाईने पुढे लोकअदालतीत कमी रकमेवर तडजोड करायचं ठरवलं तेव्हा विद्यार्थी कळवळून म्हणाला, "ताई, कोर्टात तुम्हाला जास्त मिळेल." तो कदाचित बरोबरही होता. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, तो अंतिम असतो, हे तिला नीट समजावणं आमचं काम होतं आणि आम्ही ते केलं. निर्णय घेणं आमचं काम नव्हतं. तिला जूनच्या आत मुलांची फी भरायची होती. वर्षभर तारखा झेलायची तिची तयारी नव्हती. तिची अडचण तिलाच ठाऊक होती.

जनहित याचिकेत हे सगळं उलटं होतं. तिथे याचिकाकर्ता हा प्रकरणाचा मालक नसतो. याचा सर्वांत स्पष्ट दाखला मुंबईचाच आहे. पत्रकार शीला बर्से यांनी तुरुंगांत ठेवलेल्या लहान मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. सुनावणी लांबत गेली, तेव्हा त्यांनी ती मागे घेण्याची परवानगी मागितली. 1988 मध्ये न्यायालयाने नकार दिला. ज्यांच्यासाठी याचिका आहे त्यांचं हित याचिका करणाऱ्याच्या इच्छेपेक्षा वर आहे, असं सांगून याचिकाकर्ती म्हणून त्यांचं नाव वगळलं आणि प्रकरण पुढे चालवायला सर्वोच्च न्यायालयाच्याच विधी सहाय्य समितीकडे दिलं. साध्या दिवाणी दाव्यात वादी पुरसीस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, देऊन दावा काढून घेऊ शकतो. जनहित याचिकेत ते दार मोकळं नसतं. मी मुलांना वर्गात काहीही शिकवायच्या आधी हा निकाल वाचायला लावतो.

या एका फरकातून बाकीचे फरक निघतात. याचिकेत माहिती जितकी उजेडात येईल तितकं चांगलं: आकडेवारी, छायाचित्रं, वृत्तपत्रांत चर्चा. विधी सेवेत आशिलाने सांगितलेला शब्द खोलीबाहेर जाता कामा नये. म्हणून शिबिरांत मदत मागायला आलेल्या बायकांचे फोटो काढून समाजमाध्यमांवरच्या महाविद्यालयाच्या पानावर टाकणं मला अजिबात मान्य नाही. कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार घेऊन आलेल्या बाईचा चेहरा तिच्या सासरच्या माणसांच्या मोबाइलवर पोचतो, याचा विचार फोटो काढणारा करत नाही. अहवालाला फोटो हवा असेल तर रिकाम्या टेबलाचा काढा.

भाषेचंही तसंच. उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत चालतं, त्यामुळे याचिकेत विद्यार्थ्याचा खरा उपयोग होतो तो पंचनामा, सातबारा, ग्रामसभेचे ठराव यांच्या अचूक भाषांतरासाठी. हे काम कोणी मागून घेत नाही, पण ज्याला तलाठ्याचं अक्षर लागतं आणि फेरफार म्हणजे काय ते कळतं असा विद्यार्थी कुठल्याही वरिष्ठ वकिलाला हवा असतो. विधी सेवेत मात्र अर्ज मराठीतच लिहा. आशिलाला वाचता येत नसेल तर वाचून दाखवा, मग अंगठा घ्या. स्वतःच्या नावाने काय लिहिलंय हे ज्याला कळलं नाही, त्याची सही ही सही नव्हे.

ही दोन कामं एकमेकांना भेटतात ती जागाही शीला बर्से यांच्याच आधीच्या प्रकरणात दिसते. मुंबईच्या कारागृहात त्यांनी 15 स्त्री-बंद्यांच्या मुलाखती घेतल्या. पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. त्यांचं पत्र याचिका झालं, न्यायालयाने निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालकांना कारागृहात जाऊन अहवाल द्यायला सांगितलं, आणि 1983 मध्ये निकाल आला: अटक होताच पोलिसांनी जवळच्या विधी सहाय्य समितीला कळवलं पाहिजे. म्हणजे याचिकेने नियम मिळवून दिला. तो नियम एखाद्या पोलीस ठाण्यात मंगळवारी रात्री पाळला गेला की नाही, हे पाहणं विधी सेवेचं काम. पहिलं काम एकदा होतं. दुसरं रोज करावं लागतं.

म्हणून माझा आग्रह स्पष्ट आहे: आधी वर्षभर विधी सेवा करा, मग याचिकेला हात लावा. कुठला प्रश्न एका माणसाचा आहे आणि कुठला सगळ्यांचा, हे शंभर माणसांचं ऐकल्याशिवाय कळत नाही.

आता संधी कुठे. तुमच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथले सचिव न्यायिक अधिकारी असतात. तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते. विधी शाखेच्या विद्यार्थ्याला सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळेपर्यंत विधी स्वयंसेवक म्हणून प्रशिक्षण घेता येतं. मानधन नाममात्र असतं, ते मनात धरूनच जा. सनद नसताना कोर्टात उभं राहता येत नाही, वकीलपत्रावर सही करता येत नाही, आणि स्वतःच्या नावाने सल्लाही देऊ नका. पण हकिगत नीट लिहून घेणं, कागद जमवणं, तारखेची आठवण देणं, हे सगळं तुम्हीच करायचं असतं, आणि बहुतेक प्रकरणं तिथेच सुटतात नाही तर बुडतात.

मला स्वतःला कारागृहातलं विधी सेवा केंद्र सर्वांत महत्त्वाचं वाटतं. तिथे हिशेब करणाऱ्याची गरज आहे. फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 प्रमाणे, आधी कुठल्याही गुन्ह्यात शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला बंधपत्रावर सोडायचं असतं, इतरांना निम्म्या काळानंतर. सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा असेल तर आधी शिक्षा न झालेल्यासाठी हा काळ दोन वर्षं चार महिने होतो. मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ही सवलत नाही, आणि एकाहून जास्त खटले प्रलंबित असतील तरी नाही. अटकेची तारीख, लावलेली कलमं, आधीची शिक्षा या तीन गोष्टी तपासून यादी करायला सनद लागत नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प 1990 पासून मुंबईत कैद्यांसोबत काम करतो. वकील आणि समाजकार्यकर्ता एकत्र बसले की काय होतं ते तिथे शिकायला मिळतं.

सनद मिळाल्यावरची वाटही लक्षात असू द्या. जिल्ह्याजिल्ह्यांत आता लोक अभिरक्षक कार्यालयं आहेत. फौजदारी खटल्यांत आरोपींचा बचाव करणारे पूर्णवेळ वकील तिथे नेमले जातात, आणि सहाय्यक लोक अभिरक्षक या पदासाठी अगदी नव्या वकिलालाही अर्ज करता येतो. खाजगी वकिली मात्र सोडावी लागते.

एक अडचण. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान 12 आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान 20 आठवडे इंटर्नशिप लागते, पण एका वर्षात सलग चार आठवड्यांहून जास्त करता येत नाही. याचिकेच्या संशोधनाला चार आठवडे पुरतात. विधी सेवेत तेवढ्यात एका प्रकरणाची एखादीच तारीख दिसते. त्यामुळे दिल्लीतल्या मोठ्या नावाच्या संस्थेपेक्षा राहत्या गावातलं तालुका समितीचं कार्यालय निवडा, आणि प्रमाणपत्र हातात पडल्यावरही दर शनिवारी जा. पहिल्याच शनिवारी मागच्या तीन महिन्यांत आलेले अर्ज मागून घ्या, आणि त्यांतला कोणता अर्जदार परत आला नाही ते शोधून त्याला फोन करा.