मरीन ड्राइव्हवर फॉर्म्युला वन रंगेल का?

मुंबईतल्या रेसिंगवेड्यांच्या गप्पांत मरीन ड्राइव्हवर शर्यत भरवण्याचा विषय हमखास निघतो. टीव्हीवर ती झकास दिसेल, वाद नाही. पण शर्यत रटाळ होईल, आणि त्याला कारण त्या रस्त्याची देखणी कमानच.

वळणावर टायरांना लावावा लागणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्रिज्या वाढली की कमी होतो. समजा, त्रिज्या एक किलोमीटर आहे. ताशी 300 किलोमीटर वेगाच्या गाडीला तिथे बाजूचा जोर लागेल गुरुत्वाकर्षणाच्या जेमतेम 0.7 पट. फॉर्म्युला वनची गाडी वेगात असताना हवाच तिला जमिनीवर दाबून धरते. ती जलद वळणांवर 4-5 पट जोर पेलते. म्हणजे अशी सैल कमान चालकाच्या लेखी सरळ रस्ताच. ब्रेक मारायची गरज नाही, मग पुढच्याला गाठण्याची संधीही फारशी नाही.

म्हणून ट्रॅक आखताना खरा विचार करायचा तो गाडी कुठे मंदावेल याचा. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट पाहा. जर्मन अभियंता हेर्मान टिल्के यांनी आखलेल्या या 5 किलोमीटरहून लांब ट्रॅकवर 2011 ते 2013 दरम्यान तीन शर्यती झाल्या. तिथे आधी एक संथ वळण येतं. कमी वेगात पुढच्या गाडीने घुसळलेली हवा मागच्याला फारशी नडत नाही, त्यामुळे गाड्या एकमेकींना खेटून बाहेर पडतात. मग किलोमीटरभराहून लांब सरळ पट्टा, आणि टोकाला पुन्हा घट्ट वळण. ताशी 300 वरून 80 वर यायचं तर काही सेकंदांत 93 टक्के गतिज ऊर्जा घालवावी लागते. चालक चुकतात ते इथेच, आणि शर्यत फिरते तीही इथेच.

मरीन ड्राइव्हच्या दोन्ही टोकांना यू-टर्न दिले तर? संधी मिळेल खरी, पण चुकलेल्या गाडीला मोकळी जागा हवी. वेग दुप्पट झाला की थांबायचं अंतर चौपट होतं. म्हणूनच आधुनिक ट्रॅकवर अशा वळणांबाहेर डांबराचं किंवा खडीचं मोठं मैदान सोडतात. प्रेक्षकांना मात्र गाडी जवळून पाहायची असते, मग स्टँड मागे सारून उंच उचलावे लागतात. हा तिढा पूर्णपणे कुठेच सुटलेला नाही.

पाण्याचा प्रश्न वेगळाच. सरळ भागात आडवा उतार दीड ते तीन टक्के ठेवतात. 12 मीटर रुंदीत दीड टक्का म्हणजे फक्त 18 सेंटिमीटर. एवढ्यावर पाणी कडेला जातं, पण ते पुढे वाहून नेणारी गटारं भरतीच्या वेळी तुंबतात हे मुंबईकराला सांगायला नको.

आणखी एक अडचण आहे. कमानीवरून सुटलेली गाडी बाहेरच्या अंगाला जाते. समुद्र आणि कट्टा आतल्या अंगाला. बाहेर उभ्या आहेत आर्ट डेको इमारती, 2018 पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या.