दोन ब्लेंडची तुलना एकाच दळणावर करू नका

एस्प्रेसोचे दोन ब्लेंड, म्हणजे निरनिराळ्या दाण्यांची मिश्रणं, आणले, ग्राइंडरची सेटिंग तीच ठेवून दोन्हींचे शॉट (यंत्रातून दाबाने उतरवलेली एका वेळची कॉफी) काढले आणि ‘हा आंबट, तो बरा’ असा निकाल लावला, तर ती ब्लेंडची तुलना झालीच नाही. एकाला त्याच्या मापाचं दळण मिळालं आणि दुसऱ्याला मिळालं नाही, एवढंच त्यातून कळलं.

कारण भाजणीत आहे. भट्टीत दाण्याचं तापमान २०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचलं की लाह्या फुटल्यासारखा तडतडाट होतो. हलकी भाजणी त्यानंतर लवकरच थांबवतात, म्हणून तो दाणा घट्ट आणि कठीण राहतो. गडद भाजणीचा दाणा पुढे फुगतो, सच्छिद्र आणि ठिसूळ होतो. दळताना त्याचा बारीक चुरा जास्त पडतो आणि पाण्याची वाट अडते. त्यामुळे गडद ब्लेंड ज्या सेटिंगवर २८ सेकंदांत उतरतो, तिथेच हलका ब्लेंड बहुधा १८-२० सेकंदांत धावत सुटतो. आंबट लागतो तो यामुळे. शिवाय गडद दाणे वजनाला हलके असल्याने १८ ग्रॅम पूड बास्केटमध्ये (पूड भरायच्या जाळीदार वाटीत) जास्त वर येते. ती यंत्राच्या वरच्या जाळीला टेकली तर प्रवाह आणखी बिघडतो.

शॉटच्या पोटात काय चालतं ते पाहायचं असेल तर एकच शॉट तीन कपांत तोडून घ्या: पहिली १० सेकंदं पहिल्या कपात, पुढची १० दुसऱ्यात, उरलेली तिसऱ्यात. पहिला कप दाट, झणझणीत आंबट, थोडा खारट. दुसऱ्यात गोडवा. तिसरा पातळ, कडवट आणि जिभेला कोरडं पाडणारा. आम्लं लवकर विरघळतात, तर कडू-तुरट द्रव्यं शेवटपर्यंत झिरपत राहतात. चांगला शॉट म्हणजे या तिघांची बेरीज. दळण चुकलं की बेरजेतला एखादा आकडाच गळतो.

म्हणून पहिल्या फेरीत सगळं समान ठेवायचं आणि फक्त दळण बदलायचं. १८ ग्रॅम पूड, कपात उतरलेली ३६ ग्रॅम कॉफी, पाणी ९३ अंश, ९ बार दाब, वेळ २७ ते २९ सेकंद. (पंपाने ९ बारचा स्थिर दाब द्यायची पद्धत १९६१ सालच्या फाएमा ई६१ या इटालियन यंत्राने रूढ केली.) कॉफी वजनाने मोजा, कपातल्या रेघेने नाही, रोबस्टा (कॉफीची जास्त कडू जात) असलेल्या ब्लेंडवर फेस भरपूर येतो आणि कप भरल्याचा भास होतो. ब्लेंड बदलताना नव्या दाण्यांची ५ ग्रॅम पूड दळून फेकून द्या, नाहीतर ग्राइंडरमध्ये अडकलेली आधीची पूड नव्यात मिसळते. पुडीतल्या गुठळ्या बारीक सुईने मोडा. गुठळी राहिली तर पाणी कडेच्या भेगेतून पळतं आणि एकाच कपात आंबट आणि कडू दोन्ही येतं. असा शॉट तुलनेत धरू नये.

दुसऱ्या फेरीत प्रत्येकाला त्याच्या सोयीचं द्यायचं. हलक्या ब्लेंडला ९४-९५ अंश आणि ४५ ग्रॅमपर्यंत कॉफी, गडदला ९० अंश आणि ३२ ग्रॅम. खरा निकाल याच फेरीचा मानावा. पहिली फेरी फक्त हिशेब जुळवण्यापुरती.

आता दाण्यांचा हिशेब, जो सहसा कोणी करत नाही. एक भाजलेला दाणा साधारण ०.१३ ग्रॅमचा, म्हणजे १८ ग्रॅममध्ये सुमारे १३५ दाणे. ब्लेंडमध्ये २० टक्के रोबस्टा असेल तर सरासरीने २७ दाणे रोबस्टाचे यायला हवेत. पण दाणे नशिबाने येतात, म्हणून तीनपैकी दोन वेळा हा आकडा २२ ते ३२ च्या दरम्यान असतो, आणि विसातला एखादा डोस (एका शॉटची पूड) १८ च्या खाली किंवा ३६ च्या वर जातो. रोबस्टात कॅफीन सुमारे २.२ टक्के, अरेबिका या दुसऱ्या जातीत सुमारे १.२, कडूपणाचा फरक तर जीभच सांगते. पिशवी तीच, कप मात्र वेगळे! त्यात पिशवी हलली की लहान दाणे खाली जातात. चिवड्याच्या डब्यात शेवटी तळाशी डाळं आणि चुराच उरतो, तसंच हे. ब्लेंडमध्ये मॉन्सून्ड मलबार असेल तर हा प्रकार जास्त, कारण मंगळुरूच्या किनाऱ्यावर पावसाळी दमट हवा खाऊन ते दाणे फुगलेले असतात. उपाय सोपा आहे: पिशवी परातीत ओतून दाणे हाताने कालवा आणि तीन डोसचे ५४ ग्रॅम एकदम दळून लगेच वापरा.

वयही जुळलं पाहिजे. ताज्या भाजलेल्या दाण्यात कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो. भाजून दोनच दिवस झाले असतील तर फेस मोठ्या बुडबुड्यांचा येतो, झटकन बसतो आणि प्रवाह अडखळतो. दोन्ही पिशव्यांवरची भाजणीची तारीख १० ते २० दिवसांपूर्वीची असावी. हलक्या भाजणीला त्यातला उशिराचा काळ मानवतो. तारखाच जुळत नसतील तर जो ब्लेंड आधी तयार झाला, त्याचे डोस हवाबंद करून फ्रीझरमध्ये ठेवावेत. तारीख न छापणारी पिशवी तुलनेला घेऊच नये.

पाण्याबद्दल थोडक्यात: बोअरच्या जड पाण्यात आम्लं दबतात आणि दोन्ही ब्लेंड एकसारखे मचूळ लागतात, तर आरओचं अगदी कोरं पाणी चव बोचरी करतं. दोन्ही ब्लेंडला पाणी एकच वापरा.

दूध घालून पिणाऱ्यांनी निकाल दुधातच लावावा. दुधातली प्रथिनं तुरट द्रव्यांना धरून ठेवतात आणि स्निग्धांश कडूपणा झाकतो. त्यामुळे काळ्यात राकट वाटलेला रोबस्टा-मिश्र ब्लेंड दुधात चॉकलेटसारखा लागतो, आणि काळ्यात संत्र्यासारखा खुललेला हलका ब्लेंड दुधात नासण्याच्या बेतात असल्यासारखा लागू शकतो. ३ टक्के स्निग्धांशाचं टोन्ड दूध आणि ६ टक्क्यांचं फुल क्रीम यांतही निकाल फिरतो; म्हशीच्या दुधात हलका ब्लेंड हरवूनच जातो. दूध ६०-६५ अंशांवर थांबवा, त्यापुढे उकळलेल्या दुधाचा वास वरचढ होतो.

चाखण्याआधी कप ढवळा, कारण दाट भाग तळाशी बसतो. पहिल्या घोटाचा कडूपणा नेहमी जास्त जाणवतो, म्हणून क्रम उलटा करून पुन्हा प्या. शेवटी तीन कपांची परीक्षा: दोन कपांत एक ब्लेंड, तिसऱ्यात दुसरा, आणि चाखणाऱ्याने वेगळा कप ओळखायचा. अंदाजाने एकदा बरोबर येण्याची शक्यता तीनात एक; सलग तीनदा बरोबर येण्याची सत्तावीसात एक. तीनदा ओळखता आला तर फरक खरा आहे. नाही आला, तर स्वस्तातली पिशवी घ्या.