बाटली भरलेली, रेडिएटर रिकामा

‘गाडीखाली जमीन कोरडी आहे, बाटलीत पातळी बरोबर आहे, मग गळती कसली?’ हे मी इतक्या वेळा ऐकलंय की शेवटी लिहायलाच बसलो. माझी पिकअप वीस वर्षांची आहे. चढावर ती तापायला लागली, म्हणून एका सकाळी थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडलं. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, चांगलं दोन बोटं खाली गेलेलं. शेजारची, जादा कूलंट साठवणारी प्लॅस्टिकची बाटली मात्र खुणेपर्यंत भरलेली.

हे कोडं सुटतं ते झाकणातच. या सगळ्या यंत्रणेत मला सर्वांत आवडणारा भाग हाच. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो, तो बारमधला दाब. आतली स्प्रिंग तेवढा दाब होईपर्यंत तोंड बंद ठेवते. हा दाब पंपामुळे येतो असा समज आहे, पण पंपाचं मुख्य काम द्रव फिरवायचं. दाब येतो तो मुख्यतः प्रसरणामुळे. कूलंट म्हणजे ग्लायकॉल हे रसायन आणि पाणी यांचं मिश्रण; निम्मं-निम्मं असेल तर ते २० अंशांवरून ९० अंशांवर गेलं की साधारण चार टक्के फुगतं. दहा लिटरमागे हे जवळपास ४०० मिलिलिटर झाले, आणि बंद जागेत त्यांना जायला वाट नसते.

दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो, हे शाळेत शिकलेलं आहे. हे मिश्रण उघड्यावर १०७-१०८ अंशांना उकळतं. एक बार जादा दाबाखाली जवळपास १२९ अंशांपर्यंत तग धरतं. या वीसेक अंशांवर इंजिनाचा जीव असतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हजवळचा धातू सर्वांत जास्त तापतो आणि तिथे बारीक बुडबुडे उठतच असतात. दाब असेल तर ते सुटून लगेच विरतात, उलट उष्णता झपाट्याने उचलतात. दाब गेला की बुडबुडे एकमेकांना मिळतात आणि धातूवर वाफेची सलग चादर पसरते. वाफ उष्णता वाहून नेण्यात पाण्याच्या वीस पटींहून कमजोर. मग तेवढीच जागा भाजून निघते, हेड (इंजिनाचं वरचं झाकण) वाकतं, त्याखालचं गॅस्केट, म्हणजे सांधा बंद ठेवणारा पत्रा, उडतं. म्हणून गळतीत फक्त द्रव जातो असं समजू नका, दाबही जातो. आणि तापमानाचा काटा बघून निर्धास्त राहू नका: सेन्सर द्रवाऐवजी वाफेत उघडा पडला, तर इंजिन भाजत असतानाही काटा खाली दिसू शकतो.

आता बाटलीचं कोडं. झाकणाच्या मधोमध एक इवलासा उलटा व्हॉल्व्ह असतो. इंजिन थंड होताना द्रव आकसतो, आत निर्वात तयार होतो, व्हॉल्व्ह उघडतो आणि तापल्यावर जादा दाबाने बाटलीत गेलेलं कूलंट परत ओढलं जातं. पण कुठे बारीक फट असेल, तर रेडिएटर बाटलीतलं कूलंट ओढण्याऐवजी त्या फटीतून हवा ओढतो. बाटली भरलेलीच राहते, रेडिएटर रिकामा होत जातो. म्हणून पातळी बघायची ती रेडिएटरमध्येच, आणि तीही पूर्ण थंड इंजिनावर. ११५ अंशांचं कूलंट दाबाखाली शांत बसलेलं असतं. झाकण सैल केलंत की ते एकदम उकळून अंगावर येतं.

जमीन कोरडी का? इंजिनाच्या तापलेल्या धडावर पडलेला थेंब खाली पोचायच्या आधीच सुकतो आणि उरलासुरला पंख्याचा वारा मागे उडवतो. म्हणून ओल दिसते तिथे गळती असेलच असं नाही. शोधायचा तो सुकलेला डाग: पांढरट किंवा हिरवट-गुलाबी पापुद्रा. त्याचा माग वर आणि पुढे काढत जायचं.

मी दाब तपासायचा हातपंप लावला. झाकणाच्या जागी हा बसतो, त्याला घड्याळासारखा मीटर असतो. थंड इंजिनात झाकणावरच्या आकड्याइतका दाब भरायचा आणि थांबायचं. यात उष्णता नाही, नुसता दाब, म्हणून थेंब सुकत नाही. थंडीत करण्याचा आणखी एक फायदा: रबर पोलादापेक्षा कितीतरी जास्त आकसतं, त्यामुळे जुन्या होजची (रबरी नळीची) क्लिपखालची पकड गारठ्यात सैल पडते आणि तापल्यावर पुन्हा घट्ट होते. अशी गळती फक्त सकाळी सापडते.

पाच मिनिटांत काटा हलला. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन बघितलं: वॉटर पंपाच्या पोटाला एक छोटंसं भोक असतं, तिथे थेंब धरला होता आणि खाली हिरवट रेघ सुकलेली होती. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील झिजलं की द्रव बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर यावा म्हणून. त्यात एम-सील भरणारे मी पाहिले आहेत. कृपा करून भरू नका.

काटा पडतोय पण बाहेर थेंब कुठेच नाही, असं झालं तर केबिनमधला गालिचा चाचपा (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर, म्हणजे हीटर कोअर, तिथे गळतो) आणि मग हेड गॅस्केटकडे वळा. त्याची चाचणी रसायनाची आहे. चालू इंजिनाच्या रेडिएटरमधली हवा ब्रोमोथायमॉल ब्ल्यूच्या निळ्या द्रावणातून ओढतात. ज्वलनातला कार्बन डायऑक्साइड त्यात असेल तर आम्ल बनून द्रावण पिवळं पडतं. डिझेलच्या धुरात हा वायू कमी असल्याने बहुधा हिरवटच होतं. एवढी सोपी चाचणी न करता हेड खोलायला सांगणाऱ्याचं ऐकू नका.

आणि ‘ओता आणि विसरा’ म्हणून विकली जाणारी गळतीबंद पावडर? सुईएवढं छिद्र ती काही दिवस बुजवते, हे खरं. पण छिद्र कुठलं आणि रेडिएटरची अरुंद नळी कुठली, हे तिला कळत नाही. झिजलेलं सील तर ती दुरुस्त करूच शकत नाही.

नवा पंप बसवल्यावर मी पुन्हा दाब भरला. पंधरा मिनिटं काटा हलला नाही. मग खाली सांडलेलं कूलंट भरपूर पाण्याने धुऊन काढलं. ते चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात, आणि एथिलीन ग्लायकॉल थोडंसं पोटात गेलं तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.