स्पायगेट आणि डिफ्लेटगेट: संघ एकच, प्रकरणं दोन

अमेरिकन फुटबॉल नव्यानं बघायला लागलेल्या माणसाच्या कानावर "पॅट्रियट्सनी फसवणूक केली होती" हे वाक्य लवकरच पडतं. नेमकी कोणती, असं विचारलं तर कॅमेरा आणि कमी हवेचे चेंडू एका दमात सांगितले जातात. गोंधळ होणं साहजिक आहे. दोन्ही वेळी संघ न्यू इंग्लंड पॅट्रियट्स, मुख्य प्रशिक्षक बिल बेलिचिक आणि शिक्षा सुनावणारे एनएफएल या व्यावसायिक लीगचे कमिशनर, म्हणजे प्रमुख, रॉजर गुडेल. पण स्पायगेटमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रकरणात, काय घडलं याबद्दल वाद नव्हता. डिफ्लेटगेटमध्ये, म्हणजे चेंडूंच्या प्रकरणात, मुळात काही घडलं होतं का, हाच वाद होता.

आधी स्पायगेट. ९ सप्टेंबर २००७ ला पॅट्रियट्सचा सामना न्यूयॉर्क जेट्सशी होता. त्या काळी बचाव कसा लावायचा हे प्रशिक्षक मैदानाच्या कडेवरून हातवाऱ्यांनी सांगत. त्या खुणा आणि पाठोपाठ मैदानावर दिसणारी मांडणी जुळवून पाहिली की कुठल्या खुणेचा काय अर्थ ते उलगडतं. पॅट्रियट्सचा एक कर्मचारी कडेला उभा राहून याच खुणांचं चित्रीकरण करताना पकडला गेला. जेट्सचे प्रशिक्षक एरिक मँजिनी पूर्वी बेलिचिक यांच्याच हाताखाली काम केलेले होते, त्यामुळे या पद्धतीची त्यांना कल्पना होती.

इथं एक बारकावा नेहमी निसटतो. प्रतिस्पर्ध्याच्या खुणा ओळखणं नियमाविरुद्ध नव्हतं, डोळ्यांनी बघून टिपून घेतल्या तर कुणाची हरकत नसे. बंदी होती ती कडेवरून चित्रीकरण करायला, आणि सप्टेंबर २००६ मध्येच लीगनं सगळ्या संघांना तसं लेखी कळवलं होतं. आपण नियमाचा अर्थ चुकीचा लावला, असं बेलिचिक म्हणाले. ते पत्र इतकं स्पष्ट होतं की मला हे स्पष्टीकरण कधीच पटलेलं नाही.

निकाल चार दिवसांत लागला: बेलिचिक यांना ५ लाख डॉलर दंड, संघाला अडीच लाख डॉलर, आणि २००८ च्या ड्राफ्टमधली (संघ नवे खेळाडू निवडतात ती वार्षिक प्रक्रिया) पहिल्या फेरीची निवड रद्द. कुणीही निलंबित झालं नाही. त्यानंतर लीगनं जे केलं ते मला मूळ गुन्ह्याइतकंच खटकतं. जप्त केलेल्या टेप आणि टिपणं लीगनं नष्ट करून टाकली. पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर आर्लेन स्पेक्टर यांनी त्यावर गुडेल यांना जाब विचारला, पण तपासायला पुरावा उरलाच नव्हता. त्या पोकळीत अफवा वाढल्या. २००२ च्या सुपर बोलआधी, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याआधी, प्रतिस्पर्धी रॅम्स संघाचा सराव पॅट्रियट्सनी चित्रित केला, अशी बातमी 'बोस्टन हेराल्ड'नं फेब्रुवारी २००८ मध्ये छापली आणि मे महिन्यात माफी मागून ती मागे घेतली. आजही अनेक जण तो आरोप स्पायगेटचा भाग म्हणून सांगतात. तो सिद्ध झालेला नाही.

आता डिफ्लेटगेट. १८ जानेवारी २०१५, एएफसी (लीगच्या दोन गटांपैकी एक) अजिंक्यपदाचा सामना, समोर इंडियानापोलिस कोल्ट्स. एनएफएलमध्ये प्रत्येक संघ आक्रमणाला स्वतःचे चेंडू वापरतो आणि त्यांत हवेचा दाब १२.५ ते १३.५ पीएसआय (दाबाचं एकक) असावा लागतो. हवा कमी असली की चेंडू पकडायला सोपा जातो, आणि पॅट्रियट्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, टॉम ब्रेडीला १२.५ चे चेंडू आवडत. मध्यंतरात पॅट्रियट्सचे ११ चेंडू मोजले तेव्हा सगळे १२.५ च्या खाली होते. वेळ संपत आल्यानं कोल्ट्सचे चारच मोजून झाले.

पण उबदार खोलीत भरलेला चेंडू थंडीत नेला की दाब आपोआप उतरतो. त्या दिवशीच्या हवामानात १२.५ चा चेंडू साधारण ११.३ ते ११.५ पर्यंत उतरणं अपेक्षित होतं, असं लीगनं नंतर करवून घेतलेल्या चौकशीच्या अहवालातल्या शास्त्रज्ञांचं गणित होतं. मोजायला दोन गेज (दाब मोजायची उपकरणं) होते आणि ते जुळत नव्हते: एकाची सरासरी ११.४९, दुसऱ्याची ११.११. म्हणजे पहिला गेज धरला तर फारसं काही उरत नाही, दुसरा धरला तर संशय उभा राहतो. सामन्याआधी आपण पहिलाच गेज वापरल्याचं आठवतं, असं पंच वॉल्ट अँडरसन यांनी सांगितलं होतं. तपास करणारे वकील टेड वेल्स यांनी त्यांच्या इतर आठवणी ग्राह्य धरल्या, ही मात्र धरली नाही.

पॅट्रियट्सची बाजू स्वच्छ होती असंही नाही. चेंडू सांभाळणारा कर्मचारी ते घेऊन सामन्याआधी स्वच्छतागृहात गेला होता, एका मेसेजमध्ये त्यानं स्वतःला 'डिफ्लेटर' (हवा काढणारा) म्हटलं होतं, आणि ब्रेडीनं चौकशीच्या काळात आपला फोन नष्ट करवला होता. तरीही वेल्स यांच्या २४३ पानांच्या अहवालाचा निष्कर्ष एवढाच होता की हवा मुद्दाम काढली असण्याची शक्यता जास्त आहे आणि ब्रेडीला त्याची निदान ढोबळ कल्पना असावी. एवढ्यावर ब्रेडीला चार सामन्यांचं निलंबन, संघाला १० लाख डॉलर दंड आणि ड्राफ्टमधल्या दोन निवडी रद्द. उघड पुराव्याच्या गुन्ह्यापेक्षा शक्यतेवरची शिक्षा मोठी झाली.

असं का झालं, याचं उत्तर लीगच्या राजकारणात शोधावं लागतं. कमिशनरची नेमणूक ३२ संघांचे मालक करतात. २००७ मध्ये पॅट्रियट्स स्वस्तात सुटले, ही बोच इतर मालकांच्या मनात होती आणि २०१५ ची शिक्षा ही त्याची भरपाई होती, असं सविस्तर वृत्त ईएसपीएन या क्रीडावाहिनीनं सप्टेंबर २०१५ मध्ये दिलं. पॅट्रियट्सचे मालक रॉबर्ट क्राफ्ट यांनी मे २०१५ मध्ये नाराजीनं शिक्षा मान्य केली. लढत राहिले ते ब्रेडी आणि खेळाडूंची संघटना.

ही लढाई चेंडूची राहिलीच नाही. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०११ च्या करारातल्या कलम ४६ नुसार शिक्षा देणारा कमिशनरच अपीलही ऐकू शकतो, आणि गुडेल यांनी तेच केलं. ३ सप्टेंबर २०१५ ला न्यायाधीश रिचर्ड बर्मन यांनी निलंबन रद्द केलं. २५ एप्रिल २०१६ ला अपील न्यायालयानं दोन विरुद्ध एक मतानं ते पुन्हा लागू केलं. ब्रेडीनं हवा काढायला लावली की नाही, हा प्रश्न या न्यायालयापुढे नव्हताच. कमिशनरला करारानं एवढा अधिकार दिला आहे का, इतकंच त्यानं तपासलं. त्यामुळे "कोर्टानं ब्रेडीला दोषी ठरवलं" हे वाक्य चूक आहे.

ब्रेडी २०१६ चे पहिले चार सामने बाहेर बसला आणि त्याच मोसमात त्यानं फाल्कन्सविरुद्धचा सुपर बोल ३४-२८ असा जिंकून दिला. दरम्यान २०१५ च्या मोसमात लीगनं ठिकठिकाणच्या सामन्यांत चेंडूंचा दाब तपासून घेतला होता. थंडीत दाब किती उतरतो हे त्यावरून सहज कळलं असतं. ते आकडे लीगनं प्रसिद्ध केले नाहीत.