सुटकेस आणि तान्हं बाळ: सेंट लुईसच्या ‘हिल’वरचं शिल्प

अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातलं सेंट लुईस शहर. तिथल्या ‘द हिल’ या इटालियन वस्तीत, सेंट अँब्रोज चर्चच्या दारात, ब्राँझचं एक जोडपं उभं आहे. त्याच्या हातात सुटकेस, तिच्या हातात तान्हं बाळ. शिल्पाचं नाव ‘इटालियन स्थलांतरित’. रुडॉल्फ टोरिनी या सेंट लुईसच्याच शिल्पकाराने ते घडवलं आणि १९७२ मध्ये ते इथे उभं राहिलं.

ही माणसं इथे आली ती मातीसाठी. या टेकाडाखाली भट्टीच्या विटांना लागणारी, आगीत टिकणारी चिकणमाती होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खाणी आणि वीटभट्ट्यांना मजूर हवे होते. उत्तर इटलीतल्या लोम्बार्डीतून, विशेषतः मिलानजवळच्या कुज्जोनो गावाच्या परिसरातून, तरुण येऊ लागले. एकाने बस्तान बसवलं की तो भावाला, मग गावातल्या इतरांना बोलावून घेई. मागोमाग सिसिलीचे लोक आले. आज आपण सगळ्यांना सरसकट ‘इटालियन’ म्हणतो, पण इटली हा देशच १८६१ मध्ये एकत्र झालेला. लोम्बार्डीची बोली सिसिलीच्या माणसाला सहज कळत नसे. हे दोन गट परक्या मुलुखात येऊन एकमेकांचे शेजारी झाले, आणि त्यांना एका छताखाली आणण्यात चर्चचा वाटा फार मोठा होता.

पहिलं चर्च १९०३ चं, लाकडी. १९२१ मध्ये ते आगीत गेलं. आजची वास्तू १९२६ ची; वास्तुविशारद अँजेलो कोरुबिया. मिलानच्या संत आम्ब्रोज्यो बॅसिलिकाचा नमुना त्यांनी डोळ्यांसमोर ठेवला होता. संत अँब्रोज हे चौथ्या शतकातले मिलानचे बिशप, म्हणजे लोम्बार्डीकरांच्या घरचेच संत. चर्च विटांचं आहे, हे मला त्यातलं सर्वांत बोलकं वाटतं. ज्यांचे हात आयुष्यभर मातीत गेले, त्यांचं देऊळच ते.

पुढच्या पिढीने वस्तीला नाव मिळवून दिलं. बेसबॉलचे योगी बेरा आणि जो गाराजिओला इथल्या एलिझाबेथ अव्हेन्यूवर समोरासमोर वाढले. १९५० च्या फुटबॉल विश्वचषकात इंग्लंडला १-० असं हरवणाऱ्या अमेरिकन संघात याच वस्तीतले चौघे होते. गोलरक्षक फ्रँक बोर्गी त्यांपैकीच.

शिल्पाचा काळ मात्र वस्तीसाठी कठीण होता. आंतरराज्य महामार्ग ४४ ने ‘हिल’चा उत्तरेकडचा तुकडा तोडला. पलीकडच्या घरांना चर्चपर्यंत यायला पूल हवा, अशी रहिवाशांची मागणी होती. फादर साल्वातोरे पोलिझी यांनी ती लावून धरली. लोकांनी वर्गणी काढून ५० हजार डॉलर उभे केले आणि १९७१ मध्ये तो धनादेश घेऊन मंडळी वॉशिंग्टनला पोचली. तेव्हाचे वाहतूक मंत्री जॉन व्होल्पी स्वतः इटालियन स्थलांतरितांचे पुत्र. एडवर्ड्स स्ट्रीटवरचा पूल मंजूर झाला.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या कित्येक जुन्या स्थलांतरित वस्त्या महामार्गांखाली गेल्या किंवा उपनगरांकडे रिकाम्या झाल्या. ‘हिल’वरचे बरेच लोक हलले नाहीत. इथले अग्निशामक नळ आजही इटलीच्या झेंड्याच्या हिरव्या, पांढऱ्या, लाल रंगात रंगवलेले दिसतात, आणि चर्चमधून बाहेर पडणाऱ्याला सुटकेस घेतलेलं ते जोडपं दारातच भेटतं.